कडेचं पान

“पानं किती दिसतात?” मी झरोक्यातून विचारलं.

“दोन,” भिंतीपलीकडून तात्यांचा आवाज आला.

“चार आहेत, तात्या. डावीकडून सावकाश मोजा.”

थोडा वेळ नुसता मागाच्या खोलीतला पंखा कुरकुरत राहिला. माझ्या पाठीमागं सिंधूकाकू राहाटावर हिरव्या रेशमाच्या कांड्या भरत होत्या. त्यांचा राहाटही थांबला.

“डावीकडून आधी दांडा,” तात्या म्हणाले. “त्याच्या आतल्या अंगाला पान. मग कमळ, दोन मोर, कमळ. मग पान, आणि शेवटी दांडा. झाली दोन.”

“आणि दांड्याच्या बाहेरच्या अंगाला?”

“बाहेर काही नाही. दांड्याला लागून काळी पट्टी.”

माझ्यासमोर मॉनिटर होता. त्यावर बोट ठेवून मी मोजलं. पान, दांडा, पान. पलीकडच्या टोकालाही तसंच. चार पानं, एकेक पान नक्षीची दहा घरं, म्हणजे दहा चौकटी, रुंद. पानांच्या आणि कडेच्या मध्ये दोन घरं मोकळी. सगळं मी स्वतः काढलेलं होतं.

“चारच आहेत, तात्या.”

“मला दोन दिसतात, वृषे,” तात्या म्हणाले. या वेळी आवाज जरा खाली आला होता.

याला आता सहा वर्षं झाली.

येवल्यात तात्यांचं घर आमच्या घराला लागून आहे. नारायण पाथरकर हे त्यांचं नाव फक्त वीजबिलावर असायचं. पन्नास वर्षं त्यांनी पैठणीच विणली. मधल्या खोलीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून तात्या बसलेले, समोर ताणा, म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे, आणि ताण्याखाली सरकवलेला नक्षीचा चौकटीचा कागद, हे मी चालायला लागल्यापासून पाहत आलेय. कागदावरचं एक घर म्हणजे ताण्याचे चार धागे. मोजायला मी शाळेत शिकले नाही, या कागदांवर शिकले. तात्या एखाद्या कागदावर मुद्दाम एक घर चुकीचं रंगवायचे आणि मला शोधायला लावायचे. सापडलं की म्हणायचे, “मास्तरीणबाई, पास.” नाही सापडलं तर काकूंना हाक मारायचे, “अहो, हिला आज चहा नाही.”

त्या उन्हाळ्यात मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन घरी आले होते. संशोधनाच्या प्रवेशाचं पत्र यायचं होतं. हाताशी दोन महिने होते आणि करायला काही नव्हतं. एका सकाळी तात्यांनी मला हाक मारली आणि पेटीतून एक कागद काढून जमिनीवर पसरला. पसरला म्हणजे तुकडे जुळवले. घड्यांवर फाटून त्याचे आठ तुकडे झाले होते.

“माझ्या वडलांच्या हातचा,” ते म्हणाले. “मोर-कमळाचा पदर. दोन्ही कडांना पानांची वेल. एकदाच विणला होता त्यांनी.”

“मग आता?”

तात्यांनी स्वयंपाकघराकडं बघितलं आणि आवाज बारीक केला. “हिच्यासाठी विणायचाय. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. शेकडो पैठण्यांच्या कांड्या भरल्या तिनं, पण अंगावर एक नाही. घरातली पैठणी घरात राहतच नाही ना.”

“ऐकू येतंय मला,” आतून काकू म्हणाल्या. “मला कुठं मिरवायचीय या वयात? लोकं म्हणतील, म्हातारी नटली.”

“म्हणू देत की.”

“आणि नेसून भाकऱ्या थापू का?”

“थाप. जरीला पीठ लागत नाही.”

पण त्या दिवशी संध्याकाळी काकूंनी माझ्या आईला रंग विचारला, हे मला आईनं सांगितलं. जांभळं अंग आणि हिरवा पदर.

अडचण कागदाची होती. तुकडे ताण्याखाली ठरत नव्हते, आणि घरं इतकी बारीक की तात्यांना चष्मा लावूनही वाचता येईनात. त्याआधी दोन वर्षं नाशिकच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेलं परत येणार नाही, पण सकाळ-संध्याकाळ थेंब घातले तर पुढचं जाणार नाही, असं ते म्हणाले होते. काकू थेंबांची बाटली माठाच्या शेजारी गार जागेत ठेवत आणि दोन्ही वेळा घड्याळ बघून घालत. थेंब एकदाही चुकलेले नव्हते, आणि प्रत्येक तपासणीत डॉक्टर “आहे तिथंच आहे” म्हणत.

त्यांचा मुलगा अनिल पुण्यात होता. त्यानं आई-वडिलांना मालिका बघायला त्रेचाळीस इंचांचा नवा टीव्ही पाठवला होता. तो अजून खोक्यातच होता. मी त्या खोक्यावरचे आकडे वाचले. आडवे तीन हजार आठशे चाळीस ठिपके, उभे दोन हजार एकशे साठ.

मी तिथंच उभ्या-उभ्या हिशेब केला. पदराच्या नक्षीची रुंदी चारशे ऐंशी घरं. एका घराला आठ ठिपके दिले तर चारशे ऐंशी गुणिले आठ, बरोबर तीन हजार आठशे चाळीस. एक ठिपकाही शिल्लक नाही. असं जुळलं की मला आजही आनंद होतो. त्या दिवशी तर मी तात्यांचा हातच धरला.

“तात्या, कागद भिंतीवर लावू. एक घर एवढं मोठं दिसेल.” मी चिमटीत मोहरीएवढी फट धरून दाखवली. “तुम्ही बसल्या जागी वाचाल. ओळ विणून झाली की मी खाली सरकवीन.”

“टीव्हीवर?”

“टीव्हीवर.”

“अनिल म्हणेल, मालिका सोडून बाप स्वतःचीच नक्षी बघत बसलाय.”

कागद संगणकात उतरवायला मला अकरा दिवस लागले. एकेक घर मी हातानं भरलं आणि दोनदा तपासलं. मग माझा घरचा संगणक तात्यांकडं नेला. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी त्यात एक बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड बसवलं होतं. त्याला दोन पंखे होते, आणि मागाच्या खोलीत रेशमाची लव सतत उडत असते. ती पंख्यात अडकली तर कार्ड तापून जाईल, म्हणून संगणक मी मागाच्या खोलीत ठेवलाच नाही. टीव्ही तात्यांच्या समोरच्या भिंतीवर टांगला आणि संगणक त्याच भिंतीच्या पलीकडं, स्वयंपाकघरात. भिंतीत वर एक झरोका होता. त्यातून केबल ओवली. मी स्वयंपाकघरात मॉनिटरसमोर बसणार, तात्या पलीकडं मागावर, आणि बोलणं झरोक्यातून. दोघांना एकच चित्र दिसणार. मला ही मांडणी फार हुशारीची वाटली होती.

पहिल्या दिवशी चित्र आलं आणि तात्या लगेच म्हणाले, “रंग सांडलाय.”

“म्हणजे?”

“हिरवं जरीत उतरलंय. घराची कड सुटी नाही.”

मी पलीकडं जाऊन बघितलं तर मला ठीक वाटलं. अगदी जवळ नाक लावून बघितल्यावर कळलं, की कडा खरंच किंचित पुसट आहेत. संगणकाच्या मागं चित्राची दोन तोंडं होती, एक मूळ संगणकाचं आणि एक कार्डाचं. घाईत मी केबल पहिल्यात घातली होती आणि ते टीव्हीला कमी ठिपके पाठवत होतं. केबल कार्डाच्या तोंडात घातली. मग टीव्ही काळा पडला. केबल जुनी होती, एवढी माहिती तिला पेलेना. मनमाडहून नवी आणली. मग चित्र आलं, पण ओळ सरकवली की थरथरायला लागलं. टीव्हीलाही तीन तोंडं होती आणि पूर्ण वेगानं घेणारं त्यातलं एकच. यात तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी तात्या खड्ड्यात बसले आणि समोर बघितलं.

“कसंय?” मी विचारलं.

“आता धागा धागा सुटा आहे.”

तेवढ्यावर न थांबता मी तपासणीही केली. पडद्याच्या मधोमध स्टीलची पट्टी लावून पन्नास घरं मोजली. त्रेचाळीस इंचांच्या पडद्याच्या हिशेबानं ती अठ्ठ्याण्णव मिलिमीटर भरायला हवी होती. एकशे तीन भरली. पुन्हा मोजलं, एकशे तीनच. वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि पुढं शेरा मारला: पडदा छापील मापापेक्षा थोडा मोठा असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्त. काकूंनी मागाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. हिरव्या कांड्यांचा एक पत्र्याचा डबा भरून ठेवला. आणि विणायला सुरुवात करण्याआधी पहिली ओळ वाचून घ्यावी, म्हणून मी झरोक्यातून विचारलं, पानं किती दिसतात.

“चष्मा पुसा एकदा,” मी म्हणाले.

“पुसला.”

“दांड्याच्या बाहेर, अगदी कडेला बघा.”

“कडेलाच बघतोय की. दांडा आहे आणि लगेच काळं. वेल एका अंगानं उघडी पडलीय. वडलांच्या कागदावर बाहेर पान होतं, ते मला ठाऊक आहे. पण इथं नाही.”

“आहे, तात्या! माझ्यासमोर आहे.”

काकू राहाटावरून उठून माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मॉनिटरवरची पानं बघितली, मग झरोक्याकडं बघितलं.

“पोरी, तू एकदा तिकडं जाऊन बघ ना.”

“काकू, इथं जे आहे तेच तिकडं आहे. एकाच कार्डातून दोन्हीकडं जातंय.”

“तरी बघ की. जायला काय लागतंय?”

“बघायचं काय त्यात? त्यांना फक्त कडाच दिसत नाहीयेत.”

आणि हे वाक्य तोंडातून गेलं त्याच क्षणी माझ्या डोक्यात दुसरं काहीतरी जुळलं, चारशे ऐंशी गुणिले आठसारखं. काचबिंदू. तो नजर कडेकडून खात येतो, हे मी वाचलेलं होतं. चित्रंही बघितली होती. मधे स्वच्छ दृश्य आणि भोवती काळी चौकट. तात्या दांड्यापर्यंत सगळं धागा न् धागा वाचत होते. फक्त दोन्ही कडा काळ्या. सगळं कसं बरोबर बसत होतं.

मी मागाच्या खोलीत गेले तोवर तात्यांनी टीव्ही बंद केला होता. रिमोट मांडीवर होता. पाय खड्ड्यातच होते. पुन्हा लावून त्यांना आणखी ओशाळं करायला नको, म्हणून मी रिमोटला हात लावला नाही. शेजारी जमिनीवर बसले आणि वहीच्या पानावर डोळ्याची आकृती काढली. मागचा पडदा, शीर, शिरेवरचा दाब. नजर बाहेरून आत कशी लहान होत जाते, ते एकात एक वर्तुळं काढून दाखवलं. मला चांगलं समजावता येतं, असं सगळे म्हणतात. त्या दिवशीही मी चांगलंच समजावलं.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे वाढलाय?”

“तसं दिसतंय.”

“थेंब घालूनही?”

“कधीकधी थेंब पुरत नाहीत, तात्या. डॉक्टरांना दाखवा.”

“महिन्यापूर्वीच दाखवलं. ते म्हणाले, आहे तिथंच आहे.”

“त्यांची तपासणी घाईची असते,” मी म्हणाले.

दारात काकू येऊन उभ्या होत्या. हातात अर्धी भरलेली कांडी होती. तात्या त्यांच्याकडं न बघता म्हणाले, “त्या दिवशी मी रंग सांडलाय म्हणालो, तेव्हा सांडलाच होता.”

“हो,” मी म्हणाले. “पण ते मधलं होतं. मधलं तुम्हाला उत्तम दिसतं.”

“मग मी कडेची घरं तुम्हाला तिकडून ओरडून सांगते, तुम्ही विणा,” असंही मी म्हणाले. मला खरंच मदत करायची होती. तात्या हसले.

“तुझ्या डोळ्यानं विणलेला पदर मी हिला कसा देऊ?”

त्यांनी दोन्ही हात टेकून पाय वर घेतले. खड्ड्यातून बाहेर येताना त्यांना कधी आधार लागत नसे. त्या दिवशी त्यांनी माझा खांदा धरला.

पंधरा दिवसांनी माझ्या प्रवेशाचं पत्र आलं आणि मी पुण्याला गेले. जाताना पाया पडायला गेले तेव्हा ताणा अजून मागावर होता, कोराच. “मास्तरीणबाई,” तात्या म्हणाले, “मोठी हो.”

तीन वर्षांनंतरची गोष्ट. संस्थेत माझं पहिलं व्याख्यान होतं. सभागृहातला प्रोजेक्टर बिघडला होता म्हणून कोणीतरी एक मोठा टीव्ही ढकलत आणला. मी माझ्या मोजमापांचा आलेख लावला आणि बोलायला लागले. दोन मिनिटांत मार्गदर्शक म्हणाले, “वृषाली, उभ्या अक्षावरचे आकडे कुठे आहेत?”

“आहेत ना, सर,” मी लॅपटॉपकडं बघत म्हणाले. “डावीकडे.”

“आम्हाला दिसत नाहीयेत.”

मी मान वर करून टीव्हीकडं बघितलं. आकडे नव्हते. अक्षाची रेघ होती आणि तिला लागून टीव्हीची काळी चौकट.

मागच्या रांगेतला इर्शाद उठला, रिमोट घेतला, चार बटणं दाबली. चित्र किंचित आक्रसलं आणि आकडे आत आले. “काही नाही गं,” तो म्हणाला. “काही टीव्ही येईल ते चित्र थोडं फुगवतात आणि कडा कापून टाकतात. काचेच्या जुन्या टीव्हींच्या काळापासूनची खोड आहे. तेव्हा कडेला काही धड दिसायचंच नाही, म्हणून. सेटिंगमध्ये एकदा बंद केलं की झालं.”

व्याख्यान मी पूर्ण केलं. काय बोलले ते मला आठवत नाही.

खोलीवर येऊन जुनी वही काढली. अठ्ठ्याण्णव. एकशे तीन. भागाकार केला. चित्र पाच टक्के फुगलेलं, म्हणजे प्रत्येक कडेला अडीच टक्के कापलेलं. चारशे ऐंशी घरांचे अडीच टक्के म्हणजे बारा. दहा घरांचं पान आणि दोन मोकळी.

त्याच वहीत पुढच्या पानावर ती वर्तुळं होती. त्यांच्याकडं बघत बसले, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. तिच्यासाठी टीव्हीचं काही माहीत असण्याची गरजच नव्हती. काचबिंदू नजरेची कड खातो, पडद्याची नाही. माणूस ज्या जागी बघतो ती जागा नजरेच्या मधोमध येते. तात्या म्हणाले होते, कडेलाच बघतोय की. आणि काळंही दिसत नसतं त्या रोगात, नुसतं दिसत नाही. ती चित्रं फक्त समजावण्यापुरती असतात.

स्वयंपाकघरातून मागाच्या खोलीत जायला अकरा पावलं लागतात.

त्याच दिवशी फोन करायला हवा होता. केला नाही. हे फोनवर कसं सांगायचं, समोर जाऊन सांगू, असं ठरवलं. मग प्रयोगशाळेचं काम निघालं, मग अहवाल. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. आईनं एकदा फोनवर सांगितलं, की तात्यांनी माग मोडून दिला आणि खड्डा बुजवून वर फरशी घातली. मी “हो का” म्हणाले आणि विषय बदलला. चार महिने गेले. दिवाळीला गेले ती लॅपटॉप, केबल आणि नक्षीची फाइल घेऊन.

दुपारची वेळ होती. टीव्ही आता बाहेरच्या खोलीत होता. मालिका चालू होती, आणि कोपऱ्यात वाहिनीचं नाव अर्धं कापलेलं होतं. इतक्या दिवसांत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. यायचं कारणही नव्हतं.

“कोण?” तात्या म्हणाले. मी त्यांच्या उजव्या हाताला उभी होते.

“मी वृषाली.”

त्यांनी मान वळवली. जास्तच वळवली, मग थोडी परत आणली, आणि माझा चेहरा सापडल्यावर हसले. “मास्तरीणबाई! अहो, चहा टाका. आज पास आहे ही.”

काकूंनी चहा आणून त्यांच्या शेजारच्या स्टुलावर ठेवला आणि त्यांचा हात धरून कपावर नेऊन ठेवला. रोजची सवय असावी तसा.

“काकू,” मी हळूच विचारलं, “थेंब?”

“बंद केलेत.”

“कधी?”

“तू गेलीस त्याच महिन्यात. मी किती सांगितलं. म्हणाले, घालूनही कड गेलीच ना, मग कशाला डोळे चुरचुरून घ्यायचे? डॉक्टरकडंही जाईनात. गेल्या पावसाळ्यात उंबऱ्याला अडखळून पडले, तेव्हा अनिल आलेला होता, त्यानं उचलून नेलं. डॉक्टर ओरडले. म्हणाले, आता नळीतून बघितल्यासारखं राहिलंय. थेंब पुन्हा चालू केलेत. पण गेलं ते गेलं.”

मी पिशवीतून लॅपटॉप काढला. मग उठून केबल जोडली. फाइल उघडली. मोर, कमळं, आतली पानं, दोन्हीकडं दांडे. दांड्याला लागून चौकट. आणि त्या घरात पहिल्यांदा मी स्वतः टीव्हीसमोर उभी राहून पानं मोजली.

दोन.

“तात्या,” मी म्हणाले. “तुमचे डोळे तेव्हा ठीक होते. हा टीव्ही कडा कापत होता. तुम्ही दोन म्हणालात ते बरोबर होतं. मी बघायला आले नाही. मी तिकडंच बसून सांगत राहिले.”

काकूंनी तोंडाला पदर लावला. साधा, सुती. “मी म्हटलं होतं तुला,” त्या म्हणाल्या, “एकदा जाऊन बघ म्हणून.” त्या रागानं म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तात्यांनी कपावरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, “पेटीत कागदाचे तुकडे होते. मीही काढून बघू शकलो असतो, बाहेरच्या पानाला हात लावून. पण मला वाटलं, तू शिकलेली. तुला दिसत असेल.”

मी रिमोट घेतला. चित्राचा आकार, मग पूर्ण. बटण दाबलं. चित्र आक्रसलं आणि दोन्ही कडांना हिरवी पानं आत आली, ओळीनं, वरपासून खालपर्यंत.

“अगं बाई,” काकू म्हणाल्या.

“आलं का?” तात्यांनी विचारलं. ते टीव्हीच्या मधोमध बघत होते.

“आलं.”

“कुठं?”

मी त्यांना उठवून टीव्हीजवळ नेलं. त्यांचं बोट धरून डाव्या कडेच्या पानावर टेकवलं. त्यांनी मान बोटाच्या दिशेनं आणली, अंधारात कंदील फिरवावा तशी हळूहळू, आणि थांबले. बोट पानाच्या टोकापर्यंत गेलं, मग दांड्यावर, मग आतल्या पानावर. “एक, दोन,” ते पुटपुटले. मग कमळावरून, मोरांवरून, पलीकडच्या कमळावरून बोट न उचलता ते पडद्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. मान बोटाच्या मागोमाग जात होती.

“तीन.” दांडा ओलांडला. “चार.”

“चार,” मी म्हणाले.

“वडलांची वेल बरोबर उतरवलीस,” तात्या म्हणाले. “एक घर चुकलं नाही.”

मग त्यांना ते काकूंना सांगायचं असावं. काकू त्यांच्या कोपरालगतच येऊन उभ्या राहिल्या होत्या. तात्या वळले, त्यांची नजर काकूंना ओलांडून पुढं गेली, परत फिरली, आणि काकू नेमक्या कुठं आहेत हे ते शोधत राहिले.